पंखा मात्र जोरात होता

बॉनेटमधून वाफ येत होती. मागच्या डब्यांमधूनही वाफ येत होती. फरक एवढाच, की मागची वाफ आमटीची होती आणि तिला यायचा हक्क होता.

मोशीच्या पुढे, हायवेच्या कडेला, पिकअप उभी. तिच्यात निघोज्याजवळच्या एका कंपनीच्या दीडशे कामगारांचं जेवण. जेवणाची सुट्टी साडेबाराला. वाजले होते बाराला पाच कमी. मी भोसरीत माझ्या वर्कशॉपमध्ये निवांत चहा पीत होतो. तेवढ्यात ड्रायव्हरचा, म्हणजे बालाजीचा फोन आला.

"साहेब, गाडी उकळायली!"

"उकळणार नाही," मी म्हणालो. "मी स्वतः काम केलंय तिच्यावर."

"ते बरोबर हाय साहेब. पण उकळायली."

हा सोमवार. माझी फजिती खरं तर शनिवारीच होऊन गेली होती, मला ती कळायला बुधवार उजाडला. म्हणून शनिवारपासूनच सांगतो.

मी एकवीस वर्षं रेडिएटर बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगमध्ये होतो. रेडिएटर म्हणजे गाडीच्या तोंडाशी, जाळीमागे बसवलेला बारीक नळ्यांचा चौकोन. इंजिनात तापलेलं पाणी त्या नळ्यांतून फिरतं, समोरून आलेली हवा त्याला गार करते, गार पाणी परत इंजिनात जातं. एवढंच. या 'एवढंच'वर मी एकवीस वर्षं पगार घेतला. मग नोकरी सोडली आणि जुन्या गाड्यांचे रेडिएटर सुधारून द्यायचं छोटं वर्कशॉप टाकलं. मी आणि शिंदेमामा. मामा मावळातले, वेल्डिंगमध्ये हात सोन्याचा, बोलणं मोजकं.

पिकअपच्या मालकीण अनसूयाताई, मूळच्या लातूरकडच्या. चिखलीत खोल्या करून राहणाऱ्या कामगारांना डबे देता देता त्यांनी मोठं स्वयंपाकघर उभं केलं होतं. आता त्यांना एका कंपनीच्या कँटीनची ट्रायल मिळाली होती. सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दिवस वेळेवर आणि चांगलं जेवण पोचलं तर वर्षाचं काम. अडचण एकच. त्यांची जुनी डिझेल पिकअप ट्रॅफिकमध्ये अडकली की तापायची.

"नऊ बायकांना मी या कामाचं हो म्हणून बसलेय," ताई म्हणाल्या. "गाडीनं दगा दिला तर त्यांना काय तोंड दाखवू? तुमी मोठ्या कंपनीतले. तुमी सांगाल ते करू."

हे शेवटचं वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं. मला ते फार चढतं.

मी त्यांना आणि बालाजीला समोर बसवून लेक्चर दिलं. बालाजी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, पस्तिशीचा, शांत. जुन्या गाडीचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन हळू फिरलं की पंखाही हळू. म्हणजे जॅममध्ये, हवेची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका तेव्हाच तो पेंगतो. उपाय: मोठा अॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि बॅटरीवर चालणारा पंखा. त्याला स्वतःची मोटर. इंजिन पेंगलं तरी हा जागा. पाणी ठरावीक तापमानाच्या वर गेलं की सेन्सर त्याला आपोआप चालू करतो.

लेक्चर उत्तम झालं. त्यातलं एक अक्षरही चूक नव्हतं.

पंखा मला चिखलीतल्याच एका भंगाराच्या गोडाऊनमध्ये मिळाला. एका कारचा, जवळपास नवा, पिकअपला मापात बसणारा. फक्त त्याचं कनेक्टर कुणीतरी कापून घेतलं होतं, दोन वायरी लोंबत होत्या. कंपनीत पंख्याचं कनेक्टर एकाच बाजूने बसतं. उलटं घालायचं म्हटलं तरी जात नाही. तशी सोय मुद्दाम केलेली असते. ती बेअकली लोकांसाठी असते, अशी माझी समजूत होती. माझ्यासाठी होती, हे मला माहीत नव्हतं.

एक वायर काळी, एक निळी. आमच्या कंपनीच्या पंख्यांना निळी वायर कायम अर्थला जायची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला. एकवीस वर्षांत त्यात बदल झाला नव्हता. मी निळी अर्थला दिली, काळी पॉझिटिव्हला. हा पंखा दुसऱ्याच कंपनीचा होता, ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर असूनही डोक्यात शिरली नाही.

रेडिएटर मामांनी सुरेख बसवला. वायरिंगला मी त्यांना हात लावू दिला नाही.

इंजिन चालू केलं. तापमानाचा काटा मधोमध आला आणि पंखा घूंऽऽ करून सुरू झाला. मी ताईंना गाडीसमोर उभं केलं. "हात धरा इथे. जाळीपुढे."

ताईंनी हात धरला. आतून गरम हवेचा असा झोत आला की त्यांचा पदर उडाला.

"अगं बाई!"

"पंखा पॉवरफुल आहे," मी म्हणालो.

अर्धा तास गाडी जागेवर चालू ठेवली. काटा हलला नाही. ताईंनी पेढे दिले. मी दोन खाल्ले.

आणि सोमवारी हा फोन.

मी स्कूटर काढून पोचलो. इंजिन निवेपर्यंत थांबलो, पाणी भरलं, गाडी हळूहळू पुढे नेली. जेवण पोचलं बारा पंचावन्नला. कँटीनचं बघणारे मॅनेजर गेटवरच उभे होते. त्यांच्यामागे ताटं घेऊन दीडशे माणसं. मॅनेजर आवाज न चढवता बोलले, ते जास्त लागलं.

"आज पहिला दिवस म्हणून सोडतो, ताई. परत असं झालं तर बुधवारची वाट बघायला नको."

संध्याकाळी गाडी परत वर्कशॉपमध्ये. जागेवर चालू ठेवली. अर्धा तास, पाऊण तास. काटा मधोमध. बाहेर काढून पळवली, की दहा मिनिटांत काटा वर.

आता हे सगळं उफराटं होतं. गाडी उभी असताना तापते आणि पळाली की वाऱ्याने निवते, हा जगाचा नियम. ही बया उभी असताना शहाणी आणि पळाली की डोकं फिरतं. मी विचारात पडलो. थर्मोस्टॅट बदलला. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतलं दार, पाणी तापलं की उघडतं. नळ्यांत हवा अडकली असेल म्हणून ती काढली. पाण्याचा पंप तपासला. सगळं ठणठणीत. मग गाडीत तपासायचं उरलं एकच.

"बालाजी, तू वरच्या गियरमध्ये ओढतोस का रे?"

"न्हाई साहेब."

"ओढत असणार. लोड असताना इंजिनवर ताण येतो त्याने."

ताई लगेच त्याच्यावर घसरल्या. "बाला, साहेब सांगायलेत तसं चालव की जरा! अकरा वर्षं झाली गाडी चालवायलास, अजून अक्कल न्हाई?"

बालाजी चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. शिंदेमामांनी माझ्याकडे बघितलं आणि वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला. वेल्डिंग काही चालू नव्हतं.

मंगळवारी मी अक्कल लढवली. साडेदहालाच निघायला लावलं. गाडी दोनदा थांबली, दोनदा निवली, तरी बारा पंचवीसला पोचली. मी वर्कशॉपमध्ये सुटकेचा श्वास टाकला. अर्ध्या तासाने ताईंचा फोन.

"वेळेवर गेलं ओ. पण भात गार झाला होता. दोन तास आधी भरल्यावर आणखी काय होणार? मॅनेजर म्हणायलेत, उद्या त्यांचे मोठे साहेब जेवायला बसणारेत. उद्या उशीर बी चालायचा न्हाई आणि लवकर निघणं बी चालायचं न्हाई. मी दुसरा टेम्पो बघू का? खरं सांगा."

खरं सांगायचं तर हो म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "उद्या मी स्वतः बालाजीशेजारी बसतो."

त्याने काय फरक पडणार होता, हे मलाही ठाऊक नव्हतं. फार तर दोघांचे डोळे काट्यावर राहिले असते.

बुधवारी सव्वाअकराला चिखलीत पोचलो. मागे डबे चढत होते. बालाजी नुकताच दही घेऊन आला होता, त्यामुळे इंजिन गरम, पंखा चालू. डबे चढल्यावर त्याने खिशातून उदबत्त्या काढल्या, दोन पेटवल्या आणि जाळीसमोर बंपरच्या फटीत खोचल्या. त्याचा रोजचा नेम. माल भरला की गाडीला उदबत्ती, मग निघायचं. त्याने डोळे मिटून हात जोडले.

उदबत्तीचा धूर सरळ त्याच्या तोंडावर गेला. तो खोकला. एक पाऊल बाजूला सरकला, परत हात जोडले.

मी बघत राहिलो. वारा नव्हता. शेजारच्या दोरीवरचे कपडे जागच्या जागी होते. आणि धूर गाडीपासून लांब, तिरासारखा पुढे चालला होता.

"बालाजी, हे असं कधीपासून होतंय?"

"काय, धूर? शनिवारपासून. आधी आत जायचा सगळा, जाळीतनं. आता तोंडावर यायलाय. मला वाटलं देव नाराज हाय."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"तुमी म्हनला होता की. पंखा पॉवरफुल हाय."

कंपनीत आमच्याकडे एक खोली होती. काचेची भिंत, आत गाडीचं तोंड, समोरून धुराची बारीक रेघ सोडायची आणि हवा कुठून कुठे जाते ते बघायचं. त्याला स्मोक टेस्ट म्हणतात. ती खोली बांधायला परदेशातून माणसं आली होती. मी त्या काचेसमोर वही घेऊन अर्धं आयुष्य उभा राहिलो. आणि इथे हा माणूस तीच टेस्ट दोन उदबत्त्यांवर रोज करत होता, रिझल्ट तोंडावर झेलत होता आणि देवाची माफी मागत होता.

पंखा उलटा फिरत होता. त्याच्या मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली की ती उलट दिशेने फिरते. रेडिएटरमागच्या पंख्याने समोरची हवा आत ओढायची असते. माझा पंखा आतली हवा बाहेर ढकलत होता. उभ्या गाडीत तेवढ्यावरही भागत होतं, कारण रेडिएटर मोठा होता. पण गाडी पळाली की समोरचा वारा आत येऊ बघायचा, आणि माझा पंखा दारात उभा राहून त्याला बाहेर हाकलायचा. शनिवारी ताईंच्या हाताला लागला तो झोत म्हणजे माझ्या चुकीचा जाहीर पुरावा होता. त्यावर मी पेढे खाल्ले होते.

इंजिन बंद केलं. पक्कड, टेप, दोन वायरी. काळीच्या जागी निळी, निळीच्या जागी काळी. चार मिनिटं लागली. परत चालू केलं. पंखा घुमला आणि उदबत्तीचा धूर वळला, जाळीत शिरला, दिसेनासा झाला.

"घेतला!" बालाजी ओरडला. "साहेब, देवानं घेतला!"

अकरा चाळीसला निघालो. मोशीत जॅम होता. मी काट्याकडे बघत होतो, बालाजी रस्त्याकडे. काटा मधोमध. पुढे रस्ता मोकळा झाला, गाडी पळाली. काटा मधोमध. बारा वीसला गेटमध्ये. भात गरम, आमटी गरम, मॅनेजर थंड. त्यांच्या मोठ्या साहेबांनी भात दोनदा घेतला, हे बालाजीने दारातून डोकावून मोजलं.

परतीच्या वाटेवर त्याने विचारलं, "ताईला काय सांगणार?"

आमच्या धंद्यात 'लूज कनेक्शन' हा फार कामाचा शब्द आहे. त्यात कुणाचाच दोष नसतो. तो माझ्या जिभेवर आला होता. पण सोमवारी माझ्यामुळे शेजारच्या या माणसाला शिव्या बसल्या होत्या, आणि त्याने त्या गियर बदलावा तितक्या सहज गिळल्या होत्या.

स्वयंपाकघरात नऊ बायका भांडी घासत होत्या. मी सगळ्यांसमोर सांगितलं. बालाजीची काहीच चूक नव्हती. वायरी मी उलट्या जोडल्या. पंखा शनिवारपासून उलटा फिरत होता.

ताईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"म्हंजे इतके दिवस गाडी तोंडातनं गरम हवा सोडायली होती?"

"हो."

"मंग आधी सांगायचं न्हाई का? मंगळवारचा भात पुढं बांधला असता."

नऊच्या नऊ जणी हसल्या. बालाजी सगळ्यात जोरात.

वर्कशॉपमध्ये आल्यावर मामांना सांगितलं. ते म्हणाले, "आमी गॅरेजात जाळीला कागद लावायचो. चिकटला की पंखा सरळ."

"मग शनिवारी लावला का नाही मामा?"

"तुमी म्हनले, वायरिंग तुमचं डिपार्टमेंट."

काम ताईंना मिळालं. पुढे त्यांनी दुसरी जुनी पिकअप घेतली आणि पंखा बसवायला माझ्याकडेच पाठवली. सोबत बालाजी आला, खिशात उदबत्तीचा पुडा. तेव्हापासून पद्धतच पडली आहे. मी वायरी जोडतो. बालाजी उदबत्ती लावतो. मामा बघतात. तिघांपैकी एकवीस वर्षांचा अनुभव फक्त माझ्याकडे आहे, म्हणून मला सगळ्यात शेवटी विचारतात.