मंदाताई लाइव्ह आल्या, ती दुपार

वाचनालयाच्या ग्रुपवर मंदाताईंच्या नावानं मेसेज आला, म्हणून सवयीनं उघडला. ‘आई पहाटे गेली. – शलाका.’ हा ग्रुप मंदाताईंनीच तयार केलेला... आणि त्यावर त्यांच्याच नावानं ही बातमी यावी! शलाका म्हणजे त्यांची मुलगी.

सक्करदऱ्याजवळच्या आमच्या वाचनालयात त्या ग्रंथपाल, मी देवघेवीच्या टेबलावर. वाचक आटले तेव्हा संचालक मंडळानं ठरवलं, वाचनालयाचं ऑनलाइन पान हवं. आम्ही बिचकलो. निवृत्तीला टेकलेल्या मंदाताई मात्र शलाकाकडून शिकल्या आणि आम्हाला शिकवू लागल्या. “बोट लावल्यानं फोन फुटत नाही गा,” म्हणायच्या. पण पहिली मोठी चूकही त्यांच्याच हातून झाली. वाळवी लागलेली पुस्तकं पोत्यांत भरली होती. त्यांनी फोटो काढला आणि ‘आज साफसफाई’ एवढंच लिहून पानावर टाकला. वरच्याच पुस्तकावर देणगीदाराचा शिक्का स्पष्ट दिसत होता. त्या देणगीदारांच्या नातवाचं इतवारीत भांड्यांचं दुकान. त्यानं खाली लिहिलं, ‘माझ्या आजोबांची पुस्तकं रद्दीत?’ मग शिव्यांची रांगच लागली. ‘चला, कुलूप ठोकू.’ कुणीतरी मंदाताईंच्या घराचा पत्ताही टाकला. तो वाचून त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांचा फोन, “मॅडम, पहिले ते पान बंद करा!”

मीही म्हणालो, “ताई, फोटो काढून टाका ना.”

“काहून? पुसला त लोकं म्हणतीन, चोरी पकडल्या गेली.” त्यांनी पत्ता तेवढा पुसला आणि फोन माझ्या हातात दिला. “धर. मी लाइव्ह जातो.”

बाहेर मोटारसायकली थांबल्या. मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी पोतं सोडलं, शिक्क्याचं पुस्तक उघडलं... पानांऐवजी माती गळली. “फोटो मीच टाकला. नीट न सांगता टाकला, चुकलं माझं. पण हे पाहा.” तोवर नातू आपल्या माणसांसह दारात उभा होता. त्याच्या फोनवरही मंदाताईच दिसत होत्या. तो पुढं आला, पुस्तक घेतलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

“आता काय करून राहिले तुम्ही?” त्यानं विचारलं.

“गेलेल्या पुस्तकांची नावं ऑनलाइन टाकतो. साऱ्याइले दिसंन, साऱ्याइले लिहिता येईन. ज्याच्या घरी जे असंन, त्यानं समोर आपलं नाव लिहावं.”

पहिलं नाव त्यानंच लिहिलं. हळूहळू पुस्तकं येऊ लागली. शिव्या लगेच थांबल्या नाहीत, अध्यक्षही बरेच दिवस ताईंशी बोलले नाहीत. ताईंनी मात्र पान बंद केलं नाही. त्या दिवसापासून काहीही टाकण्याआधी त्या उभ्या राहून आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि विचारायच्या, “टाकू?” आम्ही सगळे म्हणायचो, “टाका!”

परवा त्यांच्या शोकसभेची सूचना पानावर द्यायची होती. मी उभा राहिलो, मोठ्यानं वाचली, त्यांच्या नावाशी थोडा अडखळलो. मग विचारलं, “टाकू?”

...कुणीच ‘टाका’ म्हणेना.