चावी फिरवली की नुसती टिक

लेकीच्या गॅरेजात येणारा प्रत्येक जण आधी आईशीच बोलायचा. आई डबा द्यायला म्हणून यायची आणि संध्याकाळपर्यंत स्टुलावरून हलायची नाही. गॅरेज उघडून तीन महिने झाले होते. तिच्या जिवाला घोरही तेव्हापासूनचाच.

त्या दिवशी टॅक्सी स्टँडवरचे काका चौघांकडून गाडी ढकलून घेत आले. काका स्टँडवरचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर. ते ज्या गॅरेजचं नाव घेतील तिकडे सगळा स्टँड जाणार, आणि ज्याला नावं ठेवतील त्याच्याकडे कुणी फिरकणार नाही, हे आईला पक्कं ठाऊक होतं.

"ताई, मुलीला सांगा, चावी फिरवली की नुसती टिक वाजते. बॅटरी नवी टाकली, स्टार्टर बदलला, तोही बाद निघाला. दुसरा बसवा, विषय संपवा."

"काका, आधी हेडलाइट लावा," लेक म्हणाली. "आता मारा चावी."

टिक. समोरच्या भिंतीवरचा उजेड तसूभरही कमी झाला नाही.

"बॅटरी दमली असती तर दिवे झोपले असते. आणि लागोपाठ दोन स्टार्टर बाद निघत नाहीत. तो राहू द्या."

"ताई, पोरगी गाडी बघतेय की भिंत?" काका म्हणाले. ढकलणारे चौघे खो-खो हसले.

आई लेकीकडे झुकली. "अगं, म्हणतायत तर बसव ना!" ती कुजबुजली.

"जे बिघडलंच नाही ते कशाला बदलू, आई?"

लेकीने मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर ठेवलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर. "मारा." जिथे काट्याने हलायलाच नको होतं, तिथे तो निम्म्याच्या पुढे गेला.

"करंटला परतायची वाट बंद आहे. काका, गाडी रंगवलीत?"

"मागच्या महिन्यात. आतून-बाहेरून. का?"

ती वाकली. इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या जाड पट्टीचा बोल्ट तिने काढला. खाली कोरा करकरीत पिवळा रंग! रंगाऱ्याने पट्टी काढून ती जागाही रंगवली होती आणि करंट अडवणाऱ्या त्या रंगावरच बोल्ट आवळला होता. लोखंड चकाकेपर्यंत तिने पॉलिश पेपर घासला आणि पट्टी पुन्हा आवळली.

"आता."

आईने डोळे गच्च मिटले. इंजिन एका झटक्यात धडधडलं. काकांनी बंद केलं, पुन्हा चालू केलं. तीनदा. मग खाली उतरले.

"मॅडम."

आई सवयीने 'हं' म्हणणार होती, पण काकांचं तोंड लेकीकडे होतं.

"स्टँडवरच्या आणखी दोन गाड्या रडतायत. उद्या पाठवू?"

"पाठवा. पण काय बदलायचं ते मी बघून सांगेन."

"आम्ही कोण बोलणार आता!"

आई उठली, डबा टेबलावर ठेवला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच भर दुपारी घरी निघाली. वाटेत शेजारीण भेटली. तिने काही विचारलंही नव्हतं, तरी आई म्हणाली,

"स्टार्टर खराब नव्हताच मुळी!"