‘याले काय येते?’ विचारणारे भोयर सर

भोयर सरांचं पहिलं दर्शन मला झालं ते त्यांच्या पायांचं. तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये ते लेथ मशीनखाली आडवे झाले होते. लालबर्‍याहून बसने आलेली, वर्गातली एकुलती एक मुलगी मी. कोणी मिस्त्री असेल असं समजून विचारलं, “भैया, सर कब आएंगे?” आतून आवाज आला, “आ गये,” आणि ग्रीसने माखलेले सर बाहेर आले. मला धरणी ठाव देईना. सर मात्र हसून म्हणाले, “घाबरू नको पोरी. पाना दे तो इकडं.”

सर वर्कशॉपचे निदेशक होते, म्हणजे यंत्रावर हाताने काम शिकवणारे, पदवीवाले प्राध्यापक नव्हेत. अभियंत्यांच्या एका संस्थेची विद्यार्थी शाखा आमच्याकडे होती. कागदावर ती एका प्राध्यापकांच्या नावे असली, तरी चालवत होते सरच. प्रत्येक नव्या सदस्याने वर्षाला एक सोबती आणावा, यासाठी ते सतत मागे लागत. नियम मात्र त्यांचा स्वतःचा होता. ज्याला आणाल, त्याला सर्वांसमोर उभं करायचं आणि तुम्हाला येत नाही असं त्याला काय येतं, ते सांगायचं. त्याशिवाय सर फॉर्म स्वीकारत नसत.

दुसर्‍या वर्षी मी शाखेची सचिव झाले. संस्थेचं पत्र आलं की, आठवडाभरात वीस नवे सदस्य झाले नाहीत तर शाखा बंद. मी कँटीनमध्ये बसून, “सर्टिफिकेट मिलेगा” असं सांगत एका दुपारीत वीस फॉर्म भरून घेतले आणि शाबासकी मिळेल म्हणून ऐटीत सरांपुढे ठेवले. सरांनी पहिला उचलला. “कैलास. याले काय येते?”

मी फॉर्मवरचा रोल नंबर वाचून दाखवला. दुसरा, तिसरा, सगळे झाले, मी रोल नंबरच वाचत गेले. सरांनी गठ्ठा माझ्या हातात परत दिला.

“सर, शाखा बंद पडंन ना!”

“पडू दे. ज्याले तूच ओळखत नाही, तो इथं येऊन करंन काय?”

मी थक्क झाले. स्वतःच्या हाताने वाढवलेली शाखा हा माणूस बुडू देतोय? मनातून फार चिडलेही. पण गेले एकेकाजवळ बसायला. तेव्हा कळलं की मागच्या बाकावरचा अबोल कैलास भरवेलीच्या खाण कामगारांच्या वसाहतीतला आहे, आणि पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक मोटरला व मूठ कानाला लावून तो कोणतं बेअरिंग गेलं ते सांगतो. वर्षभर एका वर्गात बसून मला याचा पत्ता नव्हता!

मुदतीपर्यंत अकराच जण झाले. सर हटले नाहीत, आणि शाखा खरोखर बंद पडली. मी वर्कशॉपमध्ये रडले. सरांनी चहा पाजला आणि नेहमीप्रमाणे लालबर्‍याची बस सुटेपर्यंत स्टँडवर उभे राहिले. पुढच्या वर्षी त्याच अकरा जणांनी, नियम पाळून, इतके सोबती आणले की संस्थेला शाखा पुन्हा उघडावी लागली. आज मी खाणीतले पंप सांभाळते. पंप कुरकुरला की पेचकस कानाला लावते, ते कैलासकडून शिकले म्हणून.

खरा धक्का गेल्या महिन्यात बसला. सरांच्या सत्कारानिमित्त निघणार्‍या या गौरवग्रंथातल्या परिचयासाठी मी संस्थेकडे सरांचा सदस्य क्रमांक मागितला. उत्तर आलं, या नावाचे कोणी सदस्य नाहीत. मी दोनदा विचारलं. नाहीतच! तशीच सरांच्या घरी गेले.

“हौ, नाही मी,” सर शांतपणे म्हणाले. “तवा निदेशकाले घेत नव्हते. मंग घेऊ लागले.”

“मग काहून नाही झाले सर?”

“आणाले कोणी लागते ना! माह्याच नियम मी कसा मोडू?”

मला बसायचंही सुचेना. आम्ही इतक्या जणांना आणलं, आणि आम्हाला आणणार्‍या माणसाला आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. दुसर्‍या दिवशी सूचक म्हणून माझी सही केलेला फॉर्म घेऊन गेले. सरांनी चष्मा लावून तो वाचला, पेन बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“आधी सांग. याले काय येते?”

“यंत्र दुरुस्ती,” मी म्हणाले. सर म्हणाले, “ते तर तुलेही येते. मंग सत्काराच्या दिवशी सांगजो, सर्वांसमोर. तवाच सही करंन.”

म्हणून सर, आज सत्कारात हा लेख वाचून सर्वांसमोर सांगते. माणसाला बोलावण्याआधी त्याच्याजवळ बसणं तुम्हाला येतं. मला ते अजून येत नाही, नाहीतर तुमच्याजवळ बसायला मला इतकी वर्षं लागली नसती. तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, आणि नव्या सदस्याने वर्षाला एक सोबती आणायचा हा तुमचाच दंडक तुम्ही शंभरी ओलांडेपर्यंत पाळावा.

फॉर्म सोबत आणला आहे. आता सही करा, सर.