बुंदीचं पोट आणि आमचे भाऊजी

आमच्या भाऊजींइतका घाबरणारा माणूस अख्ख्या रायपुरात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो भीतीपोटी घराबाहेर पडत नसल्यामुळे आपल्याला माहीत नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घराणं मूळचं वर्धेकडचं. वडील रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इकडचेच झाले. भाऊजी स्वतः सरकारी नोकरीतून निवृत्त झाले असून चौबे कॉलोनीत चौथ्या मजल्यावर राहतात. इमारतीला लिफ्ट आहे, पण भाऊजी जिन्यानंच चढतात. "बंद पडली तं?" एवढंच त्यांचं म्हणणं. हे 'तं?' त्यांनी जगातल्या प्रत्येक वस्तूला चिकटवलेलं आहे. सिलिंडर उडाला तं? पंखा निखळला तं? फोन वाजला की लोक 'हॅलो' म्हणतात, भाऊजी 'काय झालं?' म्हणतात, आणि समोरच्यानं 'काही नाही, सहज केला' असं सांगितलं की त्यांचा संशय अधिकच वाढतो. ऑफिस नवा रायपूरला हललं तेव्हा बाकीचे लोक तिथले मोठमोठे मोकळे रस्ते पाहून खूश झाले. भाऊजींना मात्र त्या मोकळेपणानंच धडकी भरली. "एवढा रुंद रस्ता अन् माणूस एक नाही. काही झालं असन तं आपल्याले सांगन कोण?" असं म्हणत ते ऑफिसच्या बसमध्ये नोकरी संपेपर्यंत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले, म्हणजे निदान ड्रायव्हर तरी दिसत राहावा. इंजेक्शनच्या बाबतीत तर बोलायलाच नको. एकदा ऑफिसात लस टोचायला लोक आले होते. रांगेत उभे असलेले भाऊजी आधी हळूच खाली बसले आणि मग आडवे झाले. नर्स धावत आली. "भैया, अभी तो लगाया ही नहीं!" भाऊजींनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "मालूम है. लगा दो."

अशा माणसाच्या घरात मांजर आलं ते माझ्या भाचीमुळे. ती शाळेत असताना एक ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू दप्तरातून घेऊन आली आणि तिनं त्याचं नाव बुंदी ठेवलं. मांजर चावतं, ओरबाडतं, दमा देतं, असं सगळं भाऊजींनी मुलीला सांगून पाहिलं. शेवटी 'स्वयंपाकघराच्या गॅलरीतच राहील, घरात पाय ठेवणार नाही' या अटीवर परवानगी मिळाली. बुंदीनं अट पाळलीही असती, पण आठवडाही झाला नसेल, भाऊजी स्वतःच स्टूल घेऊन गॅलरीत बसायला लागले. एकटं पिल्लू घाबरलं तं? पुढे त्यांनी गॅलरीला जाळी बसवून घेतली आणि त्या जाळीवर आणखी एक जाळी, पहिली फाटली तर म्हणून. बुंदीनं त्या घराबाहेर कधी पाऊल टाकलं नाही. भाची शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन पुण्याला गेली. बुंदी म्हातारी झाली आणि भाऊजींच्या पायाशी राहिली. ताई म्हणायची, "मले कधी विचारलं नाही यायनं, जेवली का म्हणून. तिले दिवसातून चारदा विचारतात."

गेल्या वर्षी भाचीचं बाळंतपण आलं, आणि ते तिकडेच व्हायचं होतं, म्हणून ताईच पुण्याला गेली. भाऊजी गेले नाहीत. विमानाची भीती होती, गाडीची होती, आणि बुंदीला कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न होताच. मी समता कॉलोनीत राहतो, भाऊजींच्या घरापासून जवळच. 'लक्ष ठेव रे जरा,' असं ताईनं जाताना मला सांगितलं. कोणावर, ते सांगितलं नाही.

एका सकाळी मी दाढी करत असताना त्यांचा फोन आला.

"सालेसाहेब, बुंदीनं केलं नाही."

"काय केलं नाही?"

"काहीच केलं नाही जी. काल नाही, परवा नाही. त्याच्या आधीचं मी पाहिलं नव्हतं."

मला हसू आलं. एवढ्या वर्षांत भाऊजींच्या भीतीवर हसायची सवय झाली होती. पण पलीकडून नेहमीचं 'तं?' आलं नाही. म्हणून मी तोंड धुऊन तसाच निघालो.

दार उघडंच होतं. न्हाणीघराच्या कोपऱ्यात वाळूचा टब, टबासमोर स्टूल आणि स्टुलावर भाऊजी. बुंदी टबात उभी होती. पाठीची कमान करून तिनं जोर लावला आणि असा एक आवाज काढला की तो मांजराचा आहे यावर माझा विश्वास बसेना. मग ती तशीच बाहेर आली, कशीबशी दोन पावलं चालली, थोडा फेस ओकली आणि कपाटाखाली शिरली. पोट फुगून कडक झालेलं दिसत होतं.

"असं कालपासून चालू आहे," भाऊजी म्हणाले. "खालच्या दीदी म्हणाल्या एरंडेल पाजा. समोरचे भैया म्हणाले गरम दुधात तूप द्या. मी काहीच दिलं नाही. श्वासात गेलं तं? माझी हिंमत नाही झाली."

"अन् डॉक्टर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "डॉक्टरले भेटलं म्हणजे तो सांगन ना जी काहीतरी."

माणसाला किती तऱ्हेनं घाबरता येतं याचा मला तोपर्यंत अंदाज आहे असं वाटत होतं. लिफ्ट, सिलिंडर, सुई या सगळ्या भीती भाऊजी उघडपणे, जवळजवळ हौसेनं मिरवत. डॉक्टर काय सांगेल ही भीती मात्र त्यांनी दोन दिवस कोणालाही सांगितली नव्हती. ती पाहून मीच घाबरलो.

बुंदीला बाहेर न्यायचं म्हणजे पिंजरा हवा. घराबाहेरच कधी न गेलेल्या मांजरीसाठी पिंजरा कोण आणून ठेवतो? शेवटी ताईची कपड्यांची टोपली घेतली, तिच्यावर दुसरी टोपली उपडी घातली आणि दोरीनं बांधली. एरवी बुंदीनं आम्हाला फाडून ठेवलं असतं. ती टोपलीत मुकाट्यानं बसली, हे आम्हा दोघांनाही आवडलं नाही. टोपली मांडीवर घेऊन भाऊजी माझ्या गाडीत बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाले, "जरा तेज चालवा."

समता कॉलोनीतल्या जनावरांच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बुंदीचं पोट दोन्ही हातांनी चाचपलं, तसा त्यांचा चेहरा बदलला. एक्स-रे काढला. पडद्यावर बुंदीच्या बरगड्या दिसत होत्या आणि त्यांच्यामागे पोटातून थेट शेपटीपर्यंत एक जाड पांढरा पट्टा, जणू नदीतले गोटे ओळीनं रचून ठेवलेत.

"अंकल, पूरा पत्थर हो गया है. घर में कुछ पिलाया क्या? तेल-वेल?"

"नहीं मॅडम. डर लगा."

"बहुत अच्छा हुआ डर लगा," बाई म्हणाल्या. "इस हालत में तेल फेफड़े में चला जाता तो मैं भी कुछ नहीं कर पाती."

भीतीबद्दल भाऊजींचं कौतुक झालेलं मी आयुष्यात हे एकदाच ऐकलं. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. बाई पुढचं सांगत होत्या. गुंगीचं औषध देऊन, एनिमा देऊन, हळूहळू हातानं सगळं मोकळं करावं लागेल. वय फार झालंय, मूत्रपिंडं थकलेली दिसतात. गुंगीतून जाग येईलच असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. आणि नाही केलं तर काय होईल, तेही त्यांनी सांगितलं. "बताइए अंकल. करें?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. घरात पडदे कुठले घ्यायचे हेही त्यांनी कधी ठरवलेलं नाही. चुकलं तर, म्हणून. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "हव. कीजिए." आवाज इतका बारीक होता की बाईंना पुन्हा विचारावं लागलं.

बुंदीला आत नेलं आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. समोरच्या पिंजऱ्यातला पोपट शिट्या मारत होता. भाऊजी कपड्यांची रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसले होते. मी खाली ठेवायला मागितली तर दिली नाही. थोड्या वेळानं त्यांचा फोन वाजला. पडद्यावर भाचीचं नाव होतं. दिवस भरत आलेली मुलगी. ती रोज या वेळी व्हिडिओवर बुंदीला बघायची. मी म्हटलं, उचलू नका. "नाही उचलला तं ती घाबरन," ते म्हणाले आणि त्यांनी कॅमेऱ्यावर बोट ठेवून फोन उचलला.

"बाबा, काही दिसत नाहीये. बुंदी कुठंय? दाखवा ना."

"ती झोपली आहे बेटा."

"या वेळी?"

"गाढ झोपली आहे. उठली का दाखवतो."

फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "खोटं नाही बोललो ना मी?" मी मान हलवली. मग ते एकदम बोलायला लागले. "लग्न ठरलं तेव्हा पोट्टी रडून राहिली होती. आईसाठी नाही, माझ्यासाठी नाही. म्हणे, बुंदीले कोण पाहीन? मी म्हटलं, तू जा बिनधास्त, मी आहे. पहा सालेसाहेब, मले कधी कोणी म्हटलं का, की तुम्ही आहात म्हणून आम्ही बिनधास्त आहोत? कोणीच नाही. ती पोट्टी मात्र माझ्या शब्दावर गेली." एवढं म्हणून त्यांनी टोपली आणखी जवळ ओढली.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. दार उघडलं, बाई हातमोजे काढत बाहेर आल्या. सगळं निघालं होतं. पण बुंदी अजून जागी झाली नव्हती. आम्ही आत गेलो. टेबलावर गरम टॉवेलात गुंडाळलेली बुंदी फार लहान दिसत होती, जीभ जराशी बाहेर आलेली. भाऊजी तिच्या तोंडाशी वाकले. त्यांचा स्वतःचा श्वास चालू आहे की नाही याची मला शंका आली. कितीतरी वेळानं तिचा एक कान हलला. मग शेपटीचं टोक. मग तिनं एक डोळा अर्धा उघडून भाऊजींकडे अशा काही नाराजीनं पाहिलं, की भाऊजी टेबलाची कड धरून हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना आवरेना.

खरी परीक्षा पुढेच होती. बाईंनी समजावून सांगितलं: म्हाताऱ्या मांजराचं मूत्रपिंड थकलं की अंगातलं पाणी कमी होतं आणि मग पोट सुकत जातं. शिवाय बुंदीचे गुडघे दुखत होते. उंच काठाच्या टबात चढायला नको म्हणून ती दाबून धरत होती. तेव्हा टब बसक्या काठाचा, कोरडं खाणं बंद करून ओलं, पोट सैल करणारं पातळ औषध आणि दिवसाआड मानेच्या कातडीखाली सलाइन. "घर में ही लगाना होगा, अंकल. मैं सिखा दूँगी." आणि बाईंनी सुई दाखवली. मी भाऊजींच्या मागे जाऊन उभा राहिलो, पडले तर धरायला म्हणून. ते पडले नाहीत, पण चेहऱ्याचा रंग गेला.

पहिल्या दिवशी घरी सुई टोचायचं काम मी अंगावर घेतलं. बुंदीनं माझा हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडला. तेव्हा भाऊजी फरशीवर बसले; खालीच बसलं की पडायची भीती नाही, असा त्यांचा हिशेब. बुंदीला त्यांनी मांडीत घेतलं, मानेची कातडी बाईंनी शिकवल्यासारखी तंबूगत उचलली आणि मोठ्यानं 'काही नाही, काही नाही' म्हणत सुई घातली. ते 'काही नाही' कोणासाठी होतं, मी विचारलं नाही. बुंदी हलली नाही.

पुढे मी गेलो की हे दृश्य अनेकदा दिसे. खिडकीच्या गजाला सलाइनची बाटली टांगलेली, फरशीवर भाऊजी आणि मांडीत बुंदी. सलाइन उतरेपर्यंत ते तिच्याशी हळू आवाजात बोलत. एकदा मी दाराशी थांबून ऐकलं. आज कशाकशाची भीती वाटली ते तिला सांगणं चाललं होतं. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी वाकडी दिसते. ताईचा आवाज फोनवर बसल्यासारखा वाटला. बँकेतून कोणाचा तरी फोन आला होता, उचलला नाही. बुंदी डोळे मिटून सगळं ऐकून घेत होती. घरात जागोजाग पाण्याच्या वाट्या ठेवलेल्या. आलेला पाहुणा एकदा तरी वाटीत पाय घालूनच बाहेर पडे. बुंदीचा कार्यक्रम पार पडला की सकाळी मला फोनवर निरोप येई. एकदा ऑफिसात मी साहेबांना माझा फोन दाखवत होतो, तेवढ्यात त्यावर अक्षरं उमटली: 'झालं. भरपूर. छान.' साहेबांनी माझं अभिनंदन केलं. त्यांना वाटलं, आमच्याकडे बाळ झालं.

बाळही झालं, यथावकाश, भाचीला मुलगी झाली. हिवाळ्यात ताईबरोबर ती बाळाला घेऊन रायपूरला आली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाळाला निजवून बाहेर आली आणि दारातच थबकली. तिचे बाबा फरशीवर बसून, चष्मा नाकावर ओढून, बुंदीच्या मानेत सुई घालत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती हळूच येऊन त्यांच्याशेजारी खाली बसली. मग म्हणाली, "बाबा, मी घेऊन जाऊ का हिला पुण्याला? तुम्हाला किती त्रास."

"नको," भाऊजी म्हणाले. "तिले प्रवासाची भीती वाटते."

ताई आतून हसली, भाचीही हसली. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी सुई काढली, ती जागा अंगठ्यानं जरा दाबून धरली आणि मुलीकडे न बघता म्हणाले, "ती जाईन कधीतरी. मले मालूम आहे. पण पोट दुखून नाही जाऊ देणार, एवढं मी पाहीन."

भाचीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

बुंदी अजून आहे. दुपारच्या उन्हात गॅलरीत पडून असते आणि ऊन सरकलं की भाऊजी तिला उचलून उन्हात ठेवतात. ती आता फार हलकी झाली आहे. हातात काही आहे असं वाटतच नाही, असं तेच सांगतात. आणि तरी तिला उचलताना ते दोन्ही हात लावतात.