गवती छपराची खोली

आईला अंदमानला न्यायचं ठरलं, तेव्हा रिसॉर्ट मीच निवडलं. तिथली सगळ्यात महाग खोली म्हणजे समुद्राकाठची गवती छपराची झोपडी. पाथर्डीला घरी गेल्यावर मोठ्या तोऱ्यात मोबाईलवरचा फोटो आईपुढं धरला. आईनं उभं आयुष्य ऊस तोडला. ती बराच वेळ फोटो बघत राहिली.

"ही तर कोपी हाय," ती म्हणाली. "कारखान्यावर पाचटाच्या कोपीत जल्म गेला माजा. आता हौसेनं बी तसंच निजायचं व्हय? मला स्लॅबची खोली बघ."

मला माझाच राग आला. लहानपणी दर हंगामात मीही त्याच कोपीत तिच्या कुशीत झोपलो होतो. खोली निवडताना मला ती कोपी आठवलीसुद्धा नव्हती.