मधल्या घराची मोजणी

कचेरीतल्या नोकरीत मला दोनदा गावोगाव हिंडायचं काम मिळालं. एकदा विशीत, आणि पुन्हा दहा वर्षांनी. रत्नागिरीच्या आसपासच्या काही गावांत एका चुलीमागे वर्षाची मिळकत किती, ते विचारायचं आणि मधल्या काळात काय फरक पडला ते साहेबांना कळवायचं. साहेबांना सरासरी नको होती. ते म्हणत, एका खोताची बाग कागदावर अख्ख्या वाडीला श्रीमंत करून टाकते. म्हणून घरं गरिबापासून श्रीमंतापर्यंत ओळीने लावायची आणि बरोब्बर मधल्या घराची मिळकत ती गावाची मिळकत धरायची.

मला याचं भारी वेड लागलं. थंडीत सड्याच्या उघड्या कातळमाळावरून चालताना, पिवळं गवत वाऱ्यावर हलत असताना, ती घरं मला खरंच ओळीत उभी दिसायची. अंगणासकट, तुळशीसकट, दारातल्या कोंबड्यांसकट. एका टोकाला गवती छपरं, दुसऱ्या टोकाला कौलं, आणि मध्ये धुक्यात एकच घर, त्याचं दार उघडं. मी चालायचो तशी ती ओळही माझ्याबरोबर सरकायची. पोटात भूक उठली की मात्र सगळं विरून जायचं.

विचारायला गेलं की गावात कोणीच कमावत नसे. कर बसेल या भीतीने जो तो मूठ झाकून बसलेला. "कसली मिलकत! पेज मिलते, झाला." मग मीच अंदाज बांधायचो. पेंढ्याची उडवी केवढी, गोठ्यात किती जनावरं, आणि मुख्य म्हणजे मुंबईहून काय येतं. घरटी एक तरी गडी तिकडे गिरणीत असायचाच. परगावच्या माणसाचा पगार धरायचा नाही, तो चुलीपर्यंत जेवढं पोचवतो तेवढंच धरायचं, असा नियम होता.

पहिल्या खेपेला यादीत माझंच गाव आलं, आणि मधलं घर निघालं तेही आमचंच. आईवडील गेलेले, दादा गिरणीत, शेत वहिनीच्या अंगावर. मी हे सांगितलं तेव्हा वहिनी हसली. "मदी तर मदी. खाली तर नाय ना?"

दुसऱ्या खेपेला मी रत्नागिरीत बिऱ्हाड केलं होतं, पगार वाढला होता, अंगावर कोट आला होता. गावातल्या प्रत्येक ओट्यावर बसलो, फक्त आमच्या घरी काही विचारलं नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? दादाची जुनी रक्कम लिहिली, काळ पुढे गेला म्हणून वर थोडी चढवली, आणि वहिनीने केलेला चहा पिऊन निघालो.

मनीऑर्डरींचा ताळा पोस्टमनकडे बघायची माझी पद्धत होती. पारावर बसून मी एकेक घर वाचत गेलो, तो मान हलवत गेला. आमचं घर आलं आणि त्याची मान थांबली.

"भाऊ, तुमच्या दारात मी शिमग्यापास्नं गेलो नाय."

शिमगा होऊन आठ महिने झाले होते. डोळ्यांसमोर ती ओळ हलली आणि आमचं घर तुळशीसकट गवती छपरांकडे चालत निघालं. मी तसाच मागे फिरलो.

वहिनी मागच्या दारी नारळाचे झाप विणत बसली होती. बाजूला रास पडलेली, दुसऱ्यांची घरं शाकारायला. बोटं चिरलेली. मघाशी मी पुढच्या दारात बसलो होतो, तेव्हाही ही रास इथेच असणार.

"गिरण बंद हाय," ती खाली बघूनच म्हणाली. "ते तिकडं काम शोधतायत."

"मग मला का नाही कळवलंत?"

"तुमी मोजायला आलाव होताव ना? इचारलाव असता तर सांगितला असता."

मी तिथेच जमिनीवर बसलो. कागद काढला. दादाच्या नावापुढची रक्कम खोडून शून्य लिहिलं. आणि लेखणी थांबली. आम्ही भाऊ वेगळे झालो नव्हतो, चूल एकच होती. म्हणजे परगावी कमावणारा आणखी एक माणूस या घरात होता, आणि दोन्ही खेपांना मी त्याचं नावच लिहिलं नव्हतं. दादा पाठवतोय, एवढ्या भरवशावर मी दहा वर्षं निजलो होतो. आता मी ते नाव लिहिलं.

वहिनीला वाचता येत नव्हतं, पण हात थांबलेला दिसला. "काय लिवलाव?"

"माझं नाव. पुढे शून्य."

तिने विणणं थांबवून थोडा विचार केला.

"शून्य कशाला? गणपतीला साखर घेऊन येताव, ती लिवा."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच मला सोसवेना. मी साखरेची किंमत लिहिली, कागद तिथेच उघडा टाकला आणि तोंड धुवायला विहिरीवर गेलो.