लेकीच्या वाटची सावड

माझी लेक आधी बॅडमिंटन खेळायची, आता कॉलेजात प्राध्यापक आहे. पीएचडीसाठी तिनं जे जाडजूड बाड लिहिलं, ते खेड्यातल्या पोरी खेळ का सोडतात यावर. त्याची एक प्रत चार वर्षं आमच्या नांदे गावातल्या घरात पडून होती. बायकोनं ती जुन्या लुगड्यात गुंडाळून देवाच्या फळीवर ठेवलेली. तिला अक्षर येत नव्हतं. मी चौथी शिकलोय, पण अवघड जोडाक्षर आलं की अडखळतो.

ती म्हणायची, "अवो, वाचा की वाईच. माझं काय लिवलंय का बघा."

मी म्हणायचो, "खेळाचं हाय सगळं, तुला काय कळनार."

खरं म्हणजे मलाच कळणार नाही याची लाज वाटायची.

बायको गेल्या माघात गेली. पाहुणे पांगले, घर रिकामं झालं, तेव्हा मी बाड खाली काढलं आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला बसलो. पंधरा दिवस लागले. शेवटाकडं लेकीनं स्वतःबद्दल लिहिलंय. तिथं एक वाक्य आहे, 'खेळाच्या काळात मला कुटुंबाकडून कसलाही पाठिंबा मिळाला नाही.' ते मी तीनदा वाचलं. बायकोला वाचून दाखवलं नाही ते बरं झालं, हे पहिलं मनात आलं. मग राग आला.

आता जिथं बिल्डिंगी उभ्या आहेत तिथं तेव्हा भातखाचरं होती. लावणी सावडीनं व्हायची. म्हणजे आज सगळ्या घरांतल्या बाया आमच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. ज्या घरचे जितके हात, तितके त्या घरानं सगळीकडं द्यायचे. आमच्या घरचे दोन धरलेले, बायको आणि पोरगी. बारा-तेराची झाली की पोरीचा हात सावडीत धरायचेच.

त्याच वर्षी शाळेतल्या खेळाच्या मास्तरानं पोरीच्या हातात रॅकेट दिली. मनगट चांगलं आहे म्हणाला. हिंजवडीकडच्या एका हॉलमध्ये सराव सुरू झाला आणि निवडीचे सामने आले ऐन लावणीत. मी नको म्हणालो. ते मी लपवत नाही. तोकड्या कपड्यात पिसाचं फूल मारत बसायचं आणि हितं बाया बोलणार, ते मला नको होतं. पोरगी दोन दिवस जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी बायको तिला म्हणाली, "जा तू. मी बोललेय सगळ्यास्नी. तुझी सावड माफ केलीया."

कुणी माफ केली नव्हती. सावड माफ होतच नाही. सगळ्यांचं खाचर लावून झालं की बायको एकेकाच्या दारात परत जायची आणि पोरीच्या वाटचा दिवस एकटीनं भरून द्यायची. कुणाचं गवत काढ, कुणाची राहिलेली कडेची लावणी उरक. पोरगी सकाळच्या पहिल्या गाडीनं जायची, अंधारून यायची. तिला यातलं काही दिसत नव्हतं आणि आईनं दिसू दिलं नाही. नऊ पावसाळे असं चाललं. पोरगी जिल्ह्याला जिंकली, राज्याला खेळली, पेपरात फोटो आला. बायकोनं तिला खेळताना एकदासुद्धा बघितलं नाही. सामने पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात ही दोन बायांच्या जागी चिखलात वाकलेली.

मग पोरीचा गुडघा गेला. खेळ सुटला, ती पुस्तकाला लागली, एकामागून एक परीक्षा देत प्राध्यापक झाली. लग्न झालं, लांबच्या शहरात गेली. आईची कंबर तोवर मोडलेली होती. शेवटची दोन वर्षं ती कुशीवरसुद्धा वळू शकत नव्हती. डॉक्टर म्हणाला, वयानं होतं. होत असेल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लेक आली. म्हणाली, "आबा, प्रबंधाचं पुस्तक निघतंय. शेवटचा मजकूर द्यायचा राहिलाय."

मी बाड काढून तिच्यापुढं टाकलं. वाक्यावर बोट ठेवलं. "ह्ये काढ."

"तुम्ही वाचलंत?"

"चौथी शिकलोय मी. ह्ये खोटं हाय, काढून टाक."

"खोटं कसं? तुम्ही नको म्हणाला होतात. आई जा म्हणाली, पण नुसतं तोंडानं. तिच्या हातात काय होतं?"

'नुसतं तोंडानं' असं लेक म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. सगळं सांगितलं. कुणाकुणाच्या दारात गेली, किती दिवस भरले, ताप असताना कशी गेली. लेक आधी ऐकत होती, मग तिनं मोबाईल पुढं ठेवला.

"आबा, परत सांगा. रेकॉर्ड करते. हे महत्त्वाचं आहे."

"बंद कर ते. तुझी आई हाय ती, तुझ्या कामाचं सामान न्हवं."

तिनं बंद केला. रडली नाही. आईवरच गेलीय त्यात. मग हळूच विचारलं, "आणि तुम्ही कुठं होता?"

"कुटं म्हंजी?"

"माझ्या वाटची सावड आईनं भरली. तुम्ही का नाही भरली? तुम्हाला तर सगळं माहीत होतं."

"लावणीच्या सावडीत गड्याचा हात धरत न्हाईत. लावणी बायांची. बायांच्या वळीत गडी वाकला तर गाव हसतं."

"कुणी हसलं होतं?"

"कोन हसनार? मी गेलोच न्हाई."

"म्हणजे विचारलंसुद्धा नाहीत."

माझा चिखल करून झाला की मी औत सोडून बांधावर बसायचो. तिथून मला दोघी दिसायला हव्या होत्या, एक दिसायची. हे मी लेकीला सांगितलं नाही. बायकोला तर कधीच नाही.

लेक म्हणाली, "वाक्य बदलते. पण खरं तेच लिहीन, सगळं. चालेल?"

नाही म्हणायचं तोंडावर आलं होतं. नाही म्हटलं असतं तर आईचं नाव पुन्हा त्या फळीवर जाऊन बसलं असतं.

"लिव्ह," म्हणालो.

दिवाळीच्या आत पुस्तक आलं. मी शेवटाकडचंच पान उघडलं. लिहिलंय, 'माझ्या वाटची सावड आईनं नऊ वर्षं भरली. वडिलांना ठाऊक होतं. त्यांनी भरली नाही.'

सगळी सोपी अक्षरं आहेत. मला एकदाही अडखळायला झालं नाही.